दगडाला हात लागला की

एप्रिल लागला की मला आधी वास येतो, मग ऊन लागतं. कडब्याच्या गंजीचा कोरडा वास, विहिरीच्या कपारीतल्या पारव्यांचा वास आणि भिजलेल्या सोलाचा वास. सोल म्हणजे जाड दोर. एकदा पाण्यात बुडाला की तो दोन दिवस वाळत नाही आणि हाताला त्याचा उग्र वास राहतो. मी आता धाराशिवात राहते, तिसऱ्या मजल्यावर. तिथं कडबाही नाही आणि विहीरही नाही, तरी हा वास येतोच आणि त्याच्या पाठोपाठ राग येतो. लोकांना उन्हाळ्यात आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला एक माणूस आठवतो आणि त्याच्या हातातली चहाची बशी.

यंदा त्या वासाबरोबर एक फोन पण आला. जलतरण तलावाच्या समितीतले गृहस्थ बोलत होते. तलावाला इथं सगळे टँकच म्हणतात.

"मॅडम, दिव्यांगांच्या फ्रीस्टाइल स्पर्धा या रविवारी आहेत, तुम्हाला माहीतच आहे. त्याच दिवशी सरांचा सत्कार ठेवलाय. तुम्ही त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. दोन शब्द बोलाल ना?"

"बोलते की," मी म्हटलं.

इतक्या लवकर हो म्हटलं की त्या बिचाऱ्यालाच कसंतरी झालं. त्यांनी विनवण्यांची तयारी ठेवलेली असावी. फोन ठेवल्यावर मला हसू आलं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं.

मी नसीम. मूळची सास्तूरची. माझा डावा हात कोपराच्या खाली नाही. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला. ती गोष्ट मी सांगत बसत नाही, कारण लोकांना नेमकी तीच ऐकायची असते. गावात मला थोटी म्हणायचे. त्याचा मला कधी राग आला नाही, जे दिसत होतं ते म्हणायचे. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे आणि एका हातानं टाइप करते. दोन हातवाल्यांची टेबलं माझ्या टेबलाच्या मागं का पडतात, हे त्यांनाच विचारा. उन्हाळ्यात सकाळी टँकवर पोरांना पोहायला शिकवते.

मला पोहायला शिकवलं ते अब्बांनी. दस्तगीरचाचा म्हटलं की लोहारा तालुक्यात अजूनही जुनी माणसं मान हलवतात. विहिरीवरच्या पंपाचा जो पाइप पाण्यात सोडलेला असतो, त्याच्या तळाला एक झडप असते. तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. त्यात गाळ अडकला की पंप पाणी ओढत नाही, मग कुणीतरी तळापर्यंत बुडी मारून फुटबॉल साफ करावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे आमचे अब्बा. कमरेला सोल, तोंडात श्वास आणि खाली अंधार. वर सोल धरून उभ्या असलेल्या माणसाला एक हिसका दिला तर सगळं ठीक, दोन दिले तर वर ओढ. आता सगळीकडं पाण्यात बुडवून ठेवायचे सबमर्सिबल पंप आले आणि अब्बांना कुणी बोलवत नाही. तरी रस्त्यात विहीर दिसली की ते वाकून बघतात.

घरात आमचं बोलणं दखनीत. पण पाण्याचं सगळं अब्बा मराठीत बोलायचे, कारण ते काम ते शिकलेच मराठीत. शेतकऱ्यांच्या विहिरी, शेतकऱ्यांचे शब्द. अम्मी चिडून म्हणायची, "पानी में गए तो जबान बी बदल जाती इनकी." हात गेल्यावर वर्षभर अम्मीनं मला चुलीजवळसुद्धा फिरकू दिलं नव्हतं. अब्बांनी मात्र एका दुपारी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला, कमरेला सोल बांधला आणि बाबुराव तात्यांच्या विहिरीत सोडलं. तात्या काठावर बसून म्हणाले, "दस्तगीर, लेकरू हाय, बेडूक न्हाय." अब्बा म्हणाले, "पाण्यात हात मोजत न्हाईत, तात्या."

त्या विहिरीचं पाणी मे महिन्यात तीन थरांचं असायचं. वर कोमट, कमरेपाशी गार, आणि पाय खाली सोडले की हाडापर्यंत जाणारं. मी उजव्या हातानं पाणी ओढायचे आणि आपोआप डावीकडं वळत राहायचे. विहीर गोल आणि मी पण गोल, त्यामुळं कधी काही चुकतंय असं वाटलंच नाही. घाण्याच्या बैलासारखी मी फिरत राहायचे, मान वर काढून, कारण कपारीतून कधी काय पाण्यात पडेल सांगता यायचं नाही.

अब्बांचा नियम एकच होता. "दगडाला हात लागला की थांबायचं. धरायचं आणि वर यायचं. पाण्याशी मस्ती न्हाय." अंधारात काम करणाऱ्या माणसाचा हा नियम. तळाशी काही दिसत नाही, अशा वेळी हाताला बांधकामाचा दगड लागला म्हणजे माणूस वाचला. मी विहिरीत दिवसभर पोहले असेन, पण दगडाला हात लावून परत फिरले, असं कधी झालं नाही. हात लागला की शरीर आपोआप थांबायचं.

या एका सवयीनं माझा घात केला. खरं तर तिनं नाही केला, करणारा वेगळा होता. पण त्यानं वापरली ती हीच.

बारावीचं वर्ष होतं. धाराशिवच्या एसटीच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबाद असायचं. दिव्यांग मुलामुलींची फ्रीस्टाइल स्पर्धा आहे, हे सर आमच्या गावात सांगायला आले होते. सर म्हणजे जिल्ह्याच्या गावातले पोहण्याचे शिक्षक, अंगात पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला तात्यांच्या विहिरीत पोहताना बघितलं, कौतुक केलं, अर्ज स्वतः भरला. मी विचारलं, "सर, किती पोहायचं?" ते म्हणाले, "काही अवघड नाही. या टोकापासून सुरू करायचं, त्या टोकाला हात लावायचा." एवढंच. मी ते वाक्य त्यांच्याच आवाजात आजही ऐकवू शकते.

अम्मीनं अंगाबरोबर बसेल असा काळा कुडता-सलवार शिवला होता. त्याची डावी बाही कोपराशी बंद केली होती, नीट, दुहेरी टाक्यानं. टँक बघून मी हबकलेच. निळं पाणी, त्याला औषधाचा वास, आणि तळाला काळी रेघ आखलेली. मी जन्मात पाण्याचा तळ बघितला नव्हता. माझ्या शेजारच्या पट्ट्यात सरांची स्वतःची विद्यार्थिनी होती, मनगटापासून हात नसलेली, शहरातली, डोक्याला रबरी टोपी. ती माझ्याकडं बघून छान हसली. तिचा यात काही दोष नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

शिट्टी झाली. मी त्या काळ्या रेघेवर नजर ठेवली आणि ओढत सुटले. डावीकडं जायचे, पट्ट्याच्या दोरीला घासायचे, परत रेघेवर यायचे. तरी पुढं होते. शेजारच्या पट्ट्यातलं पाणी माझ्या मागं वाजत होतं. त्या टोकाची भिंत आली. हात लागला. थांबले. शिडीला धरून एका हातानं वर चढले आणि काठावर उभी राहून अब्बांना शोधायला लागले.

मला वाटलं, मी जिंकले.

मग खालून पाणी उडालं. बाकीच्या सगळ्या पोरी भिंतीला हात लावून, पाय देऊन परत फिरल्या होत्या. शर्यत जाऊन येऊन होती. मी काठावर उभी, अंगावरून पाणी गळतंय, आणि सगळा टँक हसतोय. माइक सरांच्याच हातात होता. ते म्हणाले, "काठ दिसला की बाहेर. विहिरीतली सवय हो, दुसरं काय." परत हशा. त्यांची विद्यार्थिनी पहिली आली.

सर सांगायचं विसरले की त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही? इतकी वर्षं मी हा प्रश्न उलटासुलटा करून बघितलाय. विसरले असतील तर मी त्यांच्या लेखी लक्षात ठेवण्याएवढीसुद्धा नव्हते. मुद्दाम असेल तर निदान त्यांना माझी भीती वाटली होती. खरं सांगायचं तर मला दुसरं आवडतं.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. सतरा वर्षांच्या पोरीवर लोक हसतातच. हसू पुसून टाकता येतं. पुढं जे झालं ते पुसता आलं नाही.

अब्बा प्रेक्षकांतून उठून पंचांच्या टेबलापाशी गेले. मी ओल्या कपड्यांत त्यांच्या मागं. टेबलावर चहा आला होता. सरांनी कपातला चहा बशीत ओतला होता आणि ते त्यावर फुंकर घालत होते. एक कप कुणीतरी अब्बांसमोर पण ठेवला. अब्बांनी तो उचलला नाही, कारण त्यांचे हात जोडलेले होते.

"सर, चुकी माझी हाय. पोरीची न्हाय. म्याच शिकवलं तसं. माफ करा."

सरांनी बशीतून एक घोट घेतला. वर बघितलं नाही. "जाऊ द्या चाचा," ते म्हणाले. "होतं असं." परत फुंकर घातली.

अब्बा तसेच उभे राहिले. त्यांना वाटत होतं, अजून काहीतरी बोलतील. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली. ती मी बघत राहिले, कारण अब्बांच्या तोंडाकडं बघणं शक्य नव्हतं. मग सर दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागले आणि आम्ही निघालो.

घरी अम्मीनं विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले, "बच्ची जीती थी. मैं हार गया." आणि गोठ्याकडं निघून गेले. त्या रात्री मला कळलं की राग डोक्यात जातो हे खोटं आहे. तो पोटात जातो आणि तिथं घर करून राहतो.

मोठ्या मनाची माणसं मला सांगतात, सोडून द्यावं, माफ करावं, मन हलकं होतं. आमच्या ऑफिसातल्या एक बाई रोज सकाळी मोबाइलवर असले सुविचार पाठवतात, गुलाबाच्या फुलासकट. मी त्यांना एकदा विचारलं, "तुम्ही कुणाला माफ केलंय?" त्या विचारात पडल्या. त्यांना कुणी काही केलंच नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच मी म्हणेन. आणि माफीचं बोलाल तर आमच्या घरातून ती एकदा गेली होती, चुकीच्या पत्त्यावर. आधी ती परत येऊ दे, मग नवी देण्याचं बघू.

तर पुढच्या वर्षीचा उन्हाळा. हाच तो, ज्याचा वास येतो.

ज्वारीची काढणी झाली होती, रानं मोकळी पडली होती आणि लांबवर नुसती वाफ हलत होती. एके सकाळी अब्बांनी खुंटीवरचा सोल काढला आणि म्हणाले, "चल." मी विचारलं नाही कुठं. तात्यांच्या विहिरीवर गेल्यावर त्यांनी एक दुसरा दोर पंपाच्या पाइपाला बांधला आणि समोरच्या पायरीच्या दगडापर्यंत ताणला. गोल विहिरीला मधोमध एक सरळ रेघ पडली.

"त्या दोराच्या खालून जायचं," ते म्हणाले. "डावीकडं गेलीस तर परत पहिल्यापासनं."

मी डावीकडं गेले. परत गेले. सकाळभर डावीकडंच गेले. मग अब्बा स्वतः पाण्यात उतरले, माझा थोटा हात कोपरावर धरला आणि म्हणाले, "हा काय दाखवायला हाय का? ह्यानं पण ओढ." तोपर्यंत तो हात पाण्यात मी पोटाशी धरून ठेवायचे, लपवल्यासारखा. त्या दिवशी पहिल्यांदा तो कामाला लावला. खांद्यात अशी कळ गेली की रडूच आलं. पण दोराच्या खालून सरळ गेले.

ते सोपं होतं. अवघड होतं ते वळणं.

दगडाला हात लागला की माझं शरीर थांबायचं. डोक्याला कळायचं की वळायचंय, पण शरीर अब्बांचं ऐकायचं, नऊ-दहा वर्षं ऐकत आलेलं. मग अब्बांनी माझ्या कमरेला सोल बांधला आणि ते समोरच्या काठावर जाऊन उभे राहिले. माझा हात दगडाला लागला की ते तिकडून दोन हिसके द्यायचे. आयुष्यभर दोन हिसक्यांचा अर्थ होता वर ओढ. आता अर्थ झाला परत फिर. ज्या सोलानं त्यांनी मला वाचवायचं, त्याच सोलानं ते मला पाण्यात मागं ओढत होते. त्यांना ते बघवत नव्हतं. हिसका दिला की ते तोंड दुसरीकडं करायचे.

"दगडाला हात लागला की?" ते काठावरून विचारायचे.

"वळायचं."

"मोठ्यानं."

"वळायचं."

मी झोपेत पण बडबडायला लागले. अम्मी सकाळी म्हणायची, "रातभर क्या वळायचं, वळायचं लगाके रखी. सो तो सुकून से." पण तीच कैरीचं पन्हं डब्यात भरून द्यायची आणि तिनंच कुडत्याची बाही सोडवून वर घेतली, थोट्या हाताला पाणी लागावं म्हणून. दुपारच्याला विहिरीच्या पाण्यापर्यंत ऊन पोचायचं तेव्हा आम्ही थांबायचो. तात्यांच्या लिंबाखाली बसून भाकर खायचो. पारवे पाण्यावर उतरायचे, चोच बुडवायचे, उडायचे. इतकं शांत असायचं की माझा राग मला एखाद्या चालू पंपासारखा ऐकू यायचा.

एका दुपारी मी विचारलंच. "अब्बा, तुम्ही माफी का मागितली? आपली काय चूक होती?"

अब्बांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मला वाटलं, तुझं नाव कायमचं काढतील. मोठ्या लोकांची जागा, नियम त्यांचा. आपण हात जोडले की सोडतात. सवय हाय बेटा. विहिरीत उतरायच्या आधी हात जोडायचे, बाहेर आलं की जोडायचे. हात आपोआप जोडले गेले."

मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं की मलाच सवय होती असं नाही. आम्हा दोघांनाही होती. माझी दगडापाशी थांबायची आणि त्यांची हात जोडायची.

मग त्यांनी जे म्हटलं, त्यावर तो सगळा उन्हाळा उभा आहे. "मेडल तुला राहू दे. मला माझी माफी तेवढी परत पाहिजे. ती मी फुकट दिली."

त्यानंतर मी कंटाळले नाही. खांदा सुजला, टाचा दगडाला घासून सोलल्या, मे संपता संपता पाणी इतकं खाली गेलं की उतरायला वीस पायऱ्या जास्त व्हायच्या. तरी मी एक दिवस चुकवला नाही. लोक म्हणतात खेळात सूड नसावा, खिलाडूवृत्ती असावी. असेल बाबा. मी एक एक ओढ सरांच्या नावानं घेतली आणि प्रत्येक वेळी दगडाला लाथ देताना मला त्यांची बशी दिसली. त्या बशीनं मला जेवढं पुढं ढकललं तेवढं कुठल्याच शिक्षकानं ढकललं नसतं.

स्पर्धेच्या दिवशी तोच टँक, तीच काळी रेघ, माइकही सरांच्याच हातात. अब्बांनी नवीन टोपी घातली होती आणि एसटीत बसल्यापासून ते ओठ हलवत होते. मला आधी वाटलं दुआ म्हणतायत. मग ऐकू आलं, "सर, मागच्या साली म्या तुमची माफी मागितली होती..." ते वाक्य पाठ करत होते.

शर्यतीचं फार सांगण्यासारखं नाही. जाताना मी दुसरी होते. भिंतीला हात लागला आणि कमरेला दोन हिसके बसले. सोल नव्हता, पण बसले. वळले. येताना माझ्यापुढं कुणी नव्हतं. शेवटच्या भिंतीला हात लावून मी पाण्यातच राहिले, बाहेर आले नाही. पंचांनी हात करून सांगितलं, संपली, मग शिडीला धरलं. एकदा फसलेल्या माणसानं दुसऱ्यांदा विचारूनच वर यावं.

आणि अब्बा निघाले. गर्दीतून वाट काढत, टोपी सरळ करत, सरांकडं. मी त्यांच्या मागं, परत ओल्या कपड्यांत.

"सर, मागच्या साली म्या..."

"अहो चाचा," सरांनी त्यांना मिठीच मारली. "मागच्या सालीच ओळखलं होतं मी. ही पोरगी नाव काढणार. म्हटलं होतं की नाही?" फोटोवाला बोलावला. अब्बांच्या खांद्यावर हात टाकला. अब्बांच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं आणि फोटोत ते तसेच आलेत, अर्धवट उघड्या तोंडाचे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलं की सरांच्या मार्गदर्शनाखाली सास्तूरच्या कन्येचं यश. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी फोटोसकट बघितला.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? सर नाटक करत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. बशी, फुंकर, होतं असं, काहीच नाही. वर्षभर मी ज्या माणसाला पोटात घेऊन पोहले, त्याच्या डोक्यात मी अर्धा तासही राहिले नव्हते.

परतीच्या गाडीत अब्बा मेडल हातात घेऊन बसले. दोन-तीनदा उलटं सुलटं केलं. "मेडल आलं," ते म्हणाले. "ते न्हाय आलं."

त्यानंतर मी पुढं बऱ्याच स्पर्धा केल्या. काही जिंकले, काही हरले, त्याच जोरावर नोकरीलाही लागले. पण तो उन्हाळा संपला असं मला कधी वाटलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमचा तर सुंभही जळाला नव्हता. घरच्या खुंटीवर तो सोल अजून आहे. टँकवर नवीन पोरं येतात, कुणाला पाय नाही, कुणाला हात. पहिल्या दिवशी मी त्यांना पाण्यात उतरवत नाही. काठावरून चालवत नेते, त्या भिंतीपर्यंत आणि परत या भिंतीपर्यंत. "शर्यत एवढी आहे," सांगते. "इथून तिथं आणि तिथून इथं. कुणी काहीही सांगू दे." पोरांना वाटतं मॅडम जरा चक्रम आहेत. असू दे.

तर रविवारच्या सत्काराचा फोन आला आणि मी लगेच सास्तूरला लावला.

"अब्बा, रविवारी सकाळच्या गाडीनं या."

"काय हाय?"

"तुमची एक वस्तू राहिलीय. घ्यायला या."

मग म्हणाले, "टोपी कुठली घालू?"

टँकवर मांडव होता, खुर्च्या होत्या, स्टेजवर शाल आणि श्रीफळ. सर थकलेत. केस पांढरे, हात थोडा थरथरतो, काठी बाळगतात. अब्बा दुसऱ्या रांगेत कडेला बसले. स्पर्धा आटोपल्या, बक्षिसं झाली, चहा-बिस्किटं फिरायला लागली आणि माझं नाव पुकारलं.

मी एकही वाकडा शब्द बोलले नाही. जे झालं ते सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. या टोकापासून सुरू करायचं, त्या टोकाला हात लावायचा. मी काठावर उभी राहिले, टँक हसला. माझ्या वडिलांनी हात जोडले. सर चहा पीत होते. सुरुवातीला लोक हसले, त्यांना वाटलं गमतीची आठवण आहे. सरही हसत होते. हात जोडल्याचं आलं तेव्हा मागून हसू थांबत आलं आणि बशीचं आलं तेव्हा पार थांबलं.

"पेपरात आलं होतं की मी सरांची विद्यार्थिनी," मी म्हटलं. "ते खरं आहे. सरांनी मला एक गोष्ट शिकवली, नियम पूर्ण विचारून घ्यायचा. पण आमची एक वस्तू सरांकडं राहिलीय. माझ्या वडिलांची माफी. त्यांची चूक नव्हती. ती तेवढी परत द्यावी, एवढंच माझं सत्काराचं भाषण."

समितीचे गृहस्थ उठून अर्धे उभे राहिले, परत बसले. सरांनी इकडं तिकडं बघितलं. मग काठी टेकून उठले.

"मला खरंच आठवत नाही, नसीम," ते म्हणाले. "पण तसं झालं असेल तर..."

"असेल तर नको, सर. झालंय."

मला त्यांची दया आली का? म्हातारा माणूस, थरथरता हात, सत्काराचा दिवस. आली नाही. यायला पाहिजे होती, असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं.

सर स्टेजच्या दोन पायऱ्या उतरले. दुसऱ्या रांगेपाशी गेले. काठी खुर्चीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले. "चाचा, चूक माझी होती. पोरीची नव्हती. माफ करा."

अब्बांच्या हातात चहा होता. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, सावकाश, एक थेंबही न सांडता. फुंकर घातली. वर बघितलं नाही.

"जाऊ द्या सर," ते म्हणाले. "होतं असं."

आणि साय धरायच्या आत त्यांनी तो चहा सगळा पिऊन टाकला.